चित्रगुप्ताची वही

स्मरणिकेची प्रुफं तपासायला शाळेने बोलावलं तेव्हा वाटलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, चहा प्यायचा आणि घरी यायचं. दिवसभर पतसंस्थेत आकडे तपासणारा माणूस अक्षरंही तपासेल, असा मुख्याध्यापकांचा हिशेब असावा. पाचव्या दिवशी ‘दिवंगत माजी विद्यार्थी’ हे पान हातात आलं. शाळा पन्नास वर्षांची, तेव्हा यादी लांबणारच. आमच्या २०१२ च्या दहावीच्या तुकडीत एकच नाव होतं आणि त्यापुढे एक ओळ : ‘खो-खोपटू. भरधाव मोटारसायकलच्या अपघातात निधन, जानेवारी २०१९.’

मनोगत लिहायचं मी आधी टाळलं होतं. आता लिहितोय ते या ओळीतल्या दुसऱ्या शब्दासाठी.

नाव यादीत आहेच. इथे मी त्याला सात नंबर म्हणणार, कारण माझ्या गुणपत्रकावर तो तसाच यायचा. आठवीत मीही संघात जायला धडपडलो होतो. सरांनी मला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या, काही बोलले नाहीत, खिशातलं स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं. “तू बस. लिही.” तेव्हापासून दहावीपर्यंत मी संघाचा गुणलेखक. कोण कितव्या सेकंदाला बाद झाला, कुणी केला, सूर मारून की खांबावर, हे सगळं मी लिहायचो. पोरांनी नाव ठेवलं चित्रगुप्त. वही घरी नेऊन पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचो, त्याची वेगळी चेष्टा व्हायची.

सात नंबर आमचा पळतीचा गडी. ज्यांनी खो-खो फक्त लांबून बघितलाय त्यांना वाटतं, जो जोरात पळतो तो जास्त वेळ टिकतो. तसं नसतं. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. मधली पाटी ओलांडून पलीकडे जायचं तर त्याला खांबाला वळसा घालावा लागतो, नाहीतर बसलेल्याला खो द्यावा लागतो. पळणाऱ्याला मात्र कसलंही बंधन नाही. बसलेल्या आठ जणांच्या मधून तो हवा तसा इकडून तिकडे जाऊ शकतो. म्हणजे समोरचा जेवढा वेगात येईल तेवढा तो स्वतःच्याच वेगात अडकतो, आणि हा एक पाऊल थांबून बाजूला झाला की संपलं.

सात नंबरला हे कुणी शिकवलं नव्हतं. शंभर मीटरला तो संघातल्या पहिल्या पाचातही नव्हता. पण एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेका गड्याच्या मधून नागमोडी पळणं, सुरू झाली की त्याच्या पायांना काहीतरी व्हायचं. खांबाकडे निघाल्यासारखा दाखवायचा, डाव्या पायावर असा थांबायचा की टाचेखालची माती उडायची, आणि सूर मारणारा गडी त्याच्या सावलीवर जाऊन पडायचा. सर बाहेरून ओरडायचे, “आरं, ह्यो पळत न्हाई, थांबतोय! बघा रं, कसा थांबतोय!” बाकीच्यांना वाटायचं सर चिडलेत. सरांच्या तोंडची ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

२०११ च्या विभागीय शालेय स्पर्धेचं पान माझ्याकडे अजून आहे. उपांत्य सामना, शेवटचा डाव, नऊ मिनिटांचा. पळणारे तिघातिघांनी आत उतरतात. आमची अशी पहिली दोन त्रिकुटं बाद झाली तेव्हा घड्याळात चार मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. तिसऱ्या त्रिकुटात सात नंबर. त्याच्याबरोबरचे दोघेही गेले आणि हा एकटा राहिला. नियमाप्रमाणे पुढचं त्रिकूट आत यायला हा बाद व्हावा लागतो. तो झालाच नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी लिहिलं : चार मिनिटे दहा सेकंद, नाबाद. सामना आम्ही एका गुणाने हरलो होतो, पण ते बेरीज केल्यावर कळलं. तोवर पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचत होती आणि मी वही धरून उभा होतो. हरलोय हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते काम आयुष्यात पुढेही बऱ्याचदा आलं, असो.

तो एक गुण त्याला महागात पडला. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी निदान राज्य पातळीवरचं पदक लागतं. आम्ही विभागातूनच परत आलो. पुढे जिल्ह्याकडून तो खेळला, पण पदकाने हुलकावणी दिली ती दिलीच. हुलकावणी देणारा तो, त्याला ती मिळावी यावर आम्ही हसायचो. तोही हसायचा.

मग खेळाडू म्हणून नाही तर चार पोरांसारखा पोलीस भरतीच्या मागे लागला. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. सोळाशेचं त्याला भय नव्हतं. शंभर मीटरची अडचण होतीच. गोळा मात्र त्याला वैरी वाटायचा. सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा लोखंडी गोळा त्याने भंगारवाल्याकडून मिळवला आणि गोणपाटात गुंडाळून वडिलांच्या गाडीच्या टाकीवर ठेवून रोज तालुक्याच्या मैदानावर न्यायचा. ती गाडीही सांगायला हवी. शंभर सीसीची, जुनी, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे लोखंडी हूक. साठच्या पुढे गेली की हँडल थरथरायला लागायचं. वडिलांनी सकाळचं दूध घातलं की दिवसभर ती मोकळी असायची.

सराव संपला की सोळाशेची वेळ सांगायला तो मला फोन करायचा. मी तेव्हा पतसंस्थेत नुकताच लागलो होतो. “चित्रगुप्त, पाच चाळीस. लिही.” एवढाच फोन. मी वहीत लिहायचो. त्याला स्वतःला लिहून ठेवता आलं नसतं असं नाही, पण मी लिहिलं की ती वेळ खरी झाली असं तो मानायचा.

त्या संध्याकाळचा फोन सात वाजून चार मिनिटांनी आला. पाच अडतीस. “निघतो आता.”

सात वाजून एकतीस मिनिटांनी पुन्हा त्याच्याच नंबरवरून आला. आवाज अनोळखी, बीडकडचा. रस्त्याकडेला कोपी टाकून राहिलेला ऊसतोड कामगार होता तो. फोनमधला शेवटचा नंबर त्याने दाबला होता. “तुमचं कोन हाय ते माहीत न्हाई, पन लवकर या. १०८ ला सांगितलंय.” त्याची बायको तोवर सात नंबरचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्या दोघांची नावंही मी विचारली नाहीत. हंगाम संपल्यावर शोधायला गेलो तर कोपीच्या जागी नुसती राख होती.

रात्री नऊच्या आत सगळं संपलं.

आता हिशेब. तालुक्याच्या मैदानापासून त्या वळणापर्यंत चौदा किलोमीटर. मी नंतर तीन वेळा मोजलं. सात चारला निघाला, सात एकतीसला फोन आला. मध्ये सत्तावीस मिनिटं. ताशी एकतीस किलोमीटर होतात. कुणी म्हणेल, तो वाटेत थांबला असेल आणि मग सुसाट सुटला असेल. दहा मिनिटं थांबला असं धरलं तरी पन्नासच्या वर जात नाही. भरधाव कशाला म्हणायचं?

वळणापुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या रस्त्यातच उभ्या होत्या. मागच्या ट्रॉलीचा टायर फुटलेला. ट्रॅक्टर सोडवून नेलेला. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. चार धोंडे आणि बाभळीची एक फांदी ठेवली होती, तीही ट्रॉलीपासून जेमतेम दहा पावलांवर. समोरून अप्पर लाइट टाकून एक गाडी येत होती. कृष्णाकाठच्या माणसाला यापुढे सांगायची गरज नाही. दर गळीत हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो, पाहुण्यांचे फोटो येतात. त्या फोटोतल्या ट्रॉल्या चकचकीत असतात. रस्त्यावर भेटतात त्या दुसऱ्याच.

वही एकतर्फी नसते म्हणून हेही लिहितो : त्याच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं. ते घरी खुंटीला होतं. गोळा सांभाळायचा की हेल्मेट, असं तो म्हणायचा आणि मी त्यावर कधी भांडलो नाही. ही नोंद त्याच्याइतकीच माझ्या नावावर आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन इंची बातमी आली. ‘भरधाव’ तिथूनच आला. पोलिसांनी सांगितलं का वार्ताहराने सवयीने लिहिलं, देव जाणे. तेराव्याला मांडवात हाच शब्द फिरत होता. “आजकालच्या पोरांना गाडी म्हणजे विमान.” “खेळाडू होता ना, रग असायचीच.” त्याचे वडील खाली मान घालून ऐकत होते आणि बाहेर दुधाचे हूक असलेली ती गाडी वाकडी होऊन उभी होती.

केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली असं दिलंय. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची. आणि एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या रकान्यात. मी रकाने भरणारा माणूस आहे. रकाना कसा भरला जातो ते मला माहीत आहे. जो उत्तर द्यायला उरलेला नसतो त्याच्या नावावर शिल्लक टाकणं सगळ्यात सोपं असतं.

गेल्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामने १९ तारखेला. सर निवृत्त आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून मोबाइल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं आणि दोन्हीकडचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. सर खूश होतील असं वाटलं. त्यांची कुरकुर चालूच : मॅट कशाला, माती बरी, सातच गडी कशाला. मग एका पोराने खांबाजवळ हुल दिली आणि समोरचा आडवा झाला. सर एकदम गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, “थांबला बघ.” कुणाबद्दल ते मी विचारलं नाही.

प्रूफ मिळालं त्या संध्याकाळी मी काकींकडे गेलो, त्याच्या आईकडे. यादीबद्दल काही बोललो नाही. जुनी वही दाखवली. त्यांना ती चिन्हं वाचता येत नाहीत, म्हणून बोट ठेवून सांगत गेलो.

“चार मिनटं म्हंजे लई का रं?”

“लई, काकी.”

“आन् मग जिकला का?”

“न्हाई. एका गुणानं हरलो.”

“त्येला बाद केला?”

“त्याला न्हाई केलं कुणी.”

त्यांनी वही मिटली, पदराने पुसली आणि परत दिली. वर खुंटीवर हेल्मेट अजून आहे. प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवलंय, धूळ बसू नये म्हणून.

तर संपादक मंडळास विनंती. पान वीस, अनुक्रमांक एकेचाळीस. ‘भरधाव’ काढावा. त्याजागी दुसरं काही घालायला मी सांगत नाही. चार अक्षरं आहेत, काढल्याने पानाची मांडणी बिघडत नाही. मी मुद्रकाला विचारून घेतलंय.