गोड तोंडात किती वेळ राहतं

होळीच्या आधी अमळनेरला गेलो होतो, भाच्यासाठी हार-कंगन घ्यायला. दुसरीकडे याला गाठी म्हणतात, आपल्या खान्देशात मात्र गळ्यात साखरेचा हार आणि हातात साखरेचं कंगन असं जोडीनंच येतं, आणि ते घालून पोरं दिवसभर मिरवतात आणि मिरवता मिरवता अर्धं खाऊन टाकतात. भाचा चार वर्षांचा आहे. त्याच्या एका गालात आधीच संत्र्याची गोळी होती, हाराचं एक पदक तोडून त्यानं दुसऱ्या गालात टाकलं आणि थोड्या वेळानं मला विचारलं, मामा, हे संपलं, मग हे का नाही संपत?

मी गोड खाणारा माणूस आहे, अगदी मनापासून, लहानपणापासून, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दोन्ही साखरच. मग एक तोंडात टाकल्या टाकल्या विरघळतं आणि दुसरं दहा मिनिटं गालात फिरत राहतं, असं का? तेव्हापासून जे काही गोड खातो त्याची वेळ बघतो, मोबाईलवर, खरंच.

हार-कंगन बनवतात तिथे जाऊन बसलो एक दुपार. मोठ्या कढईत पाक उकळत होता, त्यात थोडं दूध टाकलं की मळी वर येते ती झाऱ्यानं काढायची, पाक स्वच्छ पांढरा होतो. मग लाकडी साचे, ओळीनं मांडलेले, त्यात आधी दोरा घातलेला, वरून पाक ओतायचा. बघता बघता पाक पांढरा पडतो, घट्ट होतो, साचा उघडला की हार तयार. यात पाक थंड होताना साखरेचे बारीक बारीक कण परत धरतात, एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये मोकळी जागा राहते. तोंडात लाळ त्या जागेत शिरते आणि सगळं भराभर ढासळतं. बत्ताशाचं पण तसंच, तो तर आतून हवेनं भरलेलाच असतो. माझ्या मोजणीत हाराचं पदक दीड मिनिटाच्या वर गेलं नाही, बत्तासा वीस सेकंद पण नाही.

गोळीचं काम वेगळं आहे. गोळीचा पाक जवळजवळ १५० अंशांपर्यंत तापवतात, पाणी जवळपास सगळं उडून जातं, आणि त्यात लिक्विड ग्लुकोज घालतात म्हणजे साखरेला कण धरता येत नाहीत. मग ती थंड होते ती काचेसारखी होते. काचच ती, साखरेची. लाळेला आत शिरायला जागाच नाही, नुसती वरून वरून झिजत जाते, म्हणून पुरते. हे ग्लुकोज मक्याच्या स्टार्चपासून बनतं. मका तर आपला, आणि आपल्या दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढायचा कारखाना आहे हे किती वर्षं माहीत होतं मला, पण गोळी आणि मका असा संबंध डोक्यात कधी आलाच नव्हता.

घरी करून पाहिली गोळी. पहिल्यांदा नुसती साखर आणि पाणी घेतलं, उकळलं, ताटलीवर थेंब टाकले, आणि तासाभरात सगळे थेंब वरून पांढरे पडून भुसभुशीत झाले. म्हणजे गोळी करायला गेलो आणि हार-कंगन झालं. दुसऱ्यांदा अर्धं लिंबू पिळलं, कारण आंबट घातलं की उकळताना थोडी साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि मग ती ग्लुकोज घातल्यासारखंच काम करते, कण धरू देत नाही. यावेळी गोळी आरपार दिसणारी झाली, पिवळसर, कुरकुरीत नाही तर टणक. आई म्हणे पाकात लिंबू पिळायचं हे तर आम्ही लाडवाला पण करतो, त्यात काय. बरोबर आहे तिचं. फक्त एक, या गोळ्या पावसाळ्यात करू नका, हवेतलं पाणी ओढून घेतात आणि चिकट होऊन कागद सोडत नाहीत.

गोळीवरून रावळगाव आठवणारच. आमच्या लहानपणी दुकानात गेलं की एक रावळगाव दे असं म्हणायचो, म्हणजे गोळीचंच नाव ते. रावळगाव हे मालेगाव तालुक्यातलं गाव, धुळ्याहून फार लांब नाही. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे साखरेचा उद्योग उभा केला आणि १९४२ पासून गोळ्या सुरू झाल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही सगळी तिथली. २०२४ मध्ये हे ब्रँड २७ कोटींना रिलायन्सकडे गेले ही बातमी वाचली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. माझ्याजवळ पान पसंदचा अर्धा डबा होता तो मी पुरवून पुरवून खाल्ला. पान पसंद मोजली तर बरोबर साडेआठ मिनिटं, न चावता. पण तिचं खरं काम पहिल्या मिनिटानंतर सुरू होतं, आधी नुसती गोड लागते, मग हळूहळू गुलकंद आणि बडीशेप असं काहीतरी वर येतं, ते शेवटपर्यंत. जेवणानंतरच खावी ती.

किसमी टॉफी चावायची नाही, दाताला चिकटली तर चिकटू द्यायची. वेलदोड्याचा वास सगळ्यात शेवटी येतो, आणि घाई केली तर येतच नाही.

आता गम. गमनं माझ्या मोजणीची पार वाट लावली, कारण गम संपतच नाही, गोडी संपते. साखर आणि वास लाळेत उतरून गिळला जातो, राहतो तो रबरासारखा गोळा जो लाळेत विरघळत नाही. बबलगमची गोडी चार-पाच मिनिटांत गेली माझ्या तोंडात, नंतर नुसतं जबड्याला काम. पण यात एक गोष्ट मला इतकी आवडली की ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. पूर्वी हा गम चिक्कूच्या झाडाच्या चिकापासून बनवायचे. आपलाच चिक्कू! म्हणजे झाड मूळचं तिकडचं, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, आणि तिथले माया आणि अझ्टेक लोक हा चीक शेकडो वर्षांपासून चघळत होते. त्या चिकाला ते चिकले म्हणतात. कच्चा चिक्कू खाल्ल्यावर ओठ कसे चिकटतात ते ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच पटेल. आता बहुतेक गममध्ये कारखान्यात बनवलेलं रबर असतं. फुगा होणारा गम मात्र १९२८ सालचा, अमेरिकेत फिलाडेल्फियाला वॉल्टर डीमर नावाच्या माणसानं केला, तो कंपनीत हिशेबाचं काम करायचा आणि रिकाम्या वेळात गमचे प्रयोग करायचा. त्याच्या हाताशी गुलाबी रंग होता म्हणून तो गुलाबी झाला आणि अजून पण बबलगम म्हटलं की गुलाबीच डोळ्यासमोर येतो. भाच्याला फुगा करायला शिकवला मी, तीन दिवस लागले. गिळायचा नाही हे आधी शिकवलं.

चॉकलेटचा विषय निघाला की आपल्या इथला उन्हाळा मध्ये येतोच. कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, तोंडातली ऊब त्याच्याहून थोडी जास्त, म्हणून चांगलं चॉकलेट जिभेवर ठेवलं की न चावता आपोआप पसरतं, आणि सगळी गंमत त्यातच आहे. पण जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंश असतं, म्हणजे तोंडात जे व्हायला पाहिजे ते रस्त्यातच होऊन जातं. एकदा एका दुकानातून घेतलेलं चॉकलेट घरी उघडलं तर वरून पांढरट भुरा. मला वाटलं बुरशी आली. ती बुरशी नसते, चॉकलेट एकदा वितळून परत गोठलं की आतलं कोको बटर वर येऊन असं पांढरं दिसतं. खाल्लं तर काही होत नाही, पण ते मऊ राहत नाही, खडूसारखं लागतं, आणि जिभेवर पसरायच्या ऐवजी तुकड्या-तुकड्यानं सुटतं. मी पैसे पूर्ण दिले होते आणि मला त्याचा राग आला होता, कारण दुकानदारानं ते बाहेर उन्हात लावलेल्या बरणीतून दिलं. आता मी एप्रिल ते जून चॉकलेट घेतच नाही.

हिवाळ्यात मात्र मावसभाऊ केरळला गेला होता त्यानं तिथल्या कोकोचं डार्क चॉकलेट आणलं, ७० टक्के. तिकडे नारळाच्या, सुपारीच्या सावलीत कोकोची झाडं लावतात. पहिला तुकडा कडू लागला म्हणून घरातल्या सगळ्यांनी ठेवून दिला. मी जानेवारीच्या थंडीत गच्चीवर बसून एक तुकडा जिभेवर ठेवला आणि हललो नाही. थंडीनं पहिल्या मिनिटाला काहीच झालं नाही, मग कडेकडेनं सुटायला लागलं, आधी कडू, मग मनुक्यासारखं आंबटगोड, शेवटी भाजक्या दाण्यासारखा वास. तीन मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्याशा तुकड्यात इतकं काही असतं हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं, पुढचे तुकडे मी कुणाला दिले नाहीत.

आत्या भुसावळकडची, तिच्याकडचे दराबे, म्हणजे रव्याचे लाडू, मी लग्नांमध्ये खाल्लेले, पण करताना पहिल्यांदा बघितले. गव्हाचा बारीक रवा तुपात भाजायचा, गार होऊ द्यायचा, पिठीसाखर घालायची आणि मग परातीत हातानं फेसत राहायचं. फेसत म्हणजे किती, तर खांदे भरून येतात. मी पाळीपाळीनं फेसलं. तूप, रवा, साखर हळूहळू हलकं होतं, पांढरं होतं, आणि लाडू वळला की बोट लागलं तरी फुटेल असा. तोंडात ठेवला आणि घड्याळ सुरू करेपर्यंत गेला. चॉकलेट आणि दराबा, दोन्ही तुपाचंच काम आहे बघा, एकात कोकोचं तूप आणि एकात घरचं. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, चॉकलेट फेसत नाहीत ना पण. फेसतात आत्या, घोटतात तासन् तास मशीनमध्ये, म्हणून तर ते गुळगुळीत लागतं.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे खापरावरचे मांडे आणि आमरस असतो, तो नसेल तर आखाजी झालीच नाही. गहू थोडे ओलवून दळलेले, पीठ वस्त्रगाळ, कणीक अशी मळायची की लोंबली पाहिजे. दोन पाऱ्यांमध्ये पुरण, कडा दाबायच्या, पोळपाटावर थोडंच लाटायचं आणि मग पोळी हातावर घेऊन या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवायची, कोपरापर्यंत येते ती. चुलीवर उपडं घातलेलं खापर तापलेलं असतं, त्यावर पोळी अलगद टाकायची. मोठी माय होती तेव्हा ती कुणाला थांबूच द्यायची नाही, पहिली पोळी उतरली की ओरडायची, "आते खाई ले, थंडी व्हयनी ते मजा नही!" मला तेव्हा वाटायचं ही इतकी घाई का करते. आता मोजून बघितलं. खापरावरून उतरल्यावर चार-पाच मिनिटं वरचा पापुद्रा कोरडा आणि नाजूक असतो आणि आतलं पुरण मऊ, वाफाळलेलं. दहा मिनिटांनी पुरणातला ओलावा वर येतो, पापुद्रा मऊ पडतो, पोळी चिवट व्हायला लागते. मांडे मी घासात मोजले नाहीत, चुलीपासून ताटापर्यंत मोजले.

यंदा मावशीला म्हटलं मला शिकव. ती आधी नाही म्हणाली, पीठ वाया घालवशील म्हणे, मग स्वतःच बाजूला सरकून जागा दिली. पहिली हातावरच फाटली, पुरण सगळं मनगटावर, आणि पुरण गरम असतं. दुसरी खापरापर्यंत गेली पण टाकताना दुमडली. मावशी म्हणे हात ताठ नको धरू भाऊ, पाण्यात हात सोडल्यासारखा सोड. तिसरी बरी पसरली, एका बाजूला जाड, पण फाटली नाही. घडी घालून ताटात आली तसा वरून आमरस ओतला, तूप घातलं, आणि भाचा माझ्या आधी येऊन बसला होता त्याला पहिला घास दिला. दुसरा घास तो मला घेऊ देईना, तोंड भरलेलं असतानाच हात पुढे.