आमची वाटचाल: जुने पियानो आणि ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक

आमची सुरुवात ट्यूनिंगपासून झाली. पियानो सुरात लावायचे, सैल झालेलं फेल्ट बदलायचं, एवढाच तेव्हा कामाचा आवाका होता. जुन्या स्पिनेट पियानोंमुळे तो वाढला आणि आज आमची ओळख त्यांच्याच दुरुस्तीसाठी आहे.

स्पिनेट हा उभ्या पियानोंमधला सर्वांत बुटका प्रकार. उंची कमी ठेवता यावी म्हणून त्याची अ‍ॅक्शन, म्हणजे पट्टी दाबली की हॅमर तारेवर नेणारी यंत्रणा, पट्ट्यांच्या पातळीखाली बसवलेली असते. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला एक बारीक सळई लोंबते आणि ती खाली एल्बो नावाच्या छोट्या सांध्यात आट्यांवर फिरवून बसवतात. १९४०-५०च्या दशकांतल्या बऱ्याच अमेरिकी स्पिनेटांत हे एल्बो प्लॅस्टिकचे आहेत. त्या काळचं प्लॅस्टिक वयाबरोबर ठिसूळ होत गेलं. आज त्यातले कित्येक एल्बो चिमटीत धरले तरी चुरा होतात.

ग्राहक सांगतात, ‘एकच पट्टी मेली आहे, बाकी सगळं उत्तम.’ ते खरंच असतं. पण पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी उरलेल्या ८७ पट्ट्यांचे एल्बो त्याच मालाचे आणि त्याच वयाचे असतात. म्हणून आम्ही नियम केला: बदलायचे तर ८८ बदलायचे, एकटादुकटा बदलायचा नाही. यामुळे काही कामं हातची गेली, तरी नियम सोडला नाही. खरी मेहनत अ‍ॅक्शन बाहेर काढण्यात आहे. प्रत्येक सळई पट्टीपासून सोडवायची, वाकू नये म्हणून बांधून ठेवायची, मग सगळी चौकट अलगद उचलायची. एका एल्बोसाठी हे करून पुढच्या महिन्यात दुसऱ्यासाठी पुन्हा पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

नवे एल्बो दोन प्रकारचे मिळतात: जुन्याच सेंटर पिनवर, म्हणजे सांधा जिच्यावर फिरतो त्या बारीक पिनेवर, चापून बसणारे प्लॅस्टिकचे आणि कापडी बुशिंग (पिनेभोवतीचं अस्तर) असलेले लाकडी. दोन्ही चालतात. कस लागतो तो सळईच्या उंचीत. एल्बो आट्यांवर थोडा जास्त फिरला तर हॅमर पूर्ण मागे येत नाही, कमी फिरला तर पट्टी सुरुवातीला पोकळ लागते. म्हणून जुने तुकडे काढण्याआधी आम्ही सळयांची मापं लिहून घेतो आणि अ‍ॅक्शन परत बसवल्यावर एकेक पट्टी बोटाखाली तपासतो. हे काम मला मनापासून आवडतं.

एल्बोंनंतर आमच्याकडे प्लॅस्टिकचे फ्लँज आले. फ्लँज म्हणजे अ‍ॅक्शनचे हलणारे भाग चौकटीला जोडणारे, स्क्रूने बसवलेले छोटे सांधे. लाकडी अ‍ॅक्शनमध्ये स्क्रू घट्ट करणं हे देखभालीचं पहिलं काम. जुन्या प्लॅस्टिक फ्लँजवर तेच केलं की तडा जातो. त्यामुळे आमच्याकडे अ‍ॅक्शन नीट पाहिल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर उचलायचा नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

टेफ्लॉनची गोष्ट वेगळी. स्टाइनवे या पियानो कंपनीच्या न्यूयॉर्क कारखान्याने १९६२पासून सुमारे दोन दशकं कापडाऐवजी टेफ्लॉनची बुशिंग वापरली. टेफ्लॉन टिकाऊ आहे, पण दमटपणाने भोवतीचं लाकूड फुगतं-आकसतं आणि टेफ्लॉन मात्र तसंच राहतं. मग ऋतू बदलला की टकटक ऐकू येते. असा पियानो आला की एकदम सगळं उपटायचं नाही. आधी दोन ऋतूंत ऐकायचं, मगच ठरवायचं, असं माझं मत आहे.

आता ‘प्लॅस्टिक’ म्हटलं की लोक घाबरतात. पण कावाई या जपानी पियानो कंपनीने सत्तरच्या दशकापासून एबीएस प्लॅस्टिकचे भाग वापरले आणि ते आजही चांगले टिकून आहेत. ते बदलायचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही नकार देतो.

नकार आणखी एका वेळी देतो. एल्बोंचं काम घेण्याआधी आम्ही ट्यूनिंग पिना, म्हणजे तारा ताणून धरणाऱ्या पिना, तपासतो. त्या लाकडात ढिल्या झाल्या असतील तर पियानो सुरात राहणारच नाही; मग नवी अ‍ॅक्शनही वाया जाते. हे स्पष्ट सांगतो आणि तपासणीपुरतेच पैसे घेतो.

सध्या अडचण आहे ती विचित्र मापाच्या फ्लँजची. काहींना जुळणारा तयार भाग मिळतच नाही. ते आम्ही जुन्या नमुन्यावरून लाकडात घडवू लागलो आहोत. काम संथ आहे, पण डँपरच्या (तारेचा आवाज थांबवणाऱ्या भागाच्या) फ्लँजचा पहिला संच बसला आहे आणि नीट चालतो आहे.