सर्वांत हलके लिनक्स कोणते? तुम्ही विचारलेत म्हणून

जुना संगणक पुन्हा चालता करायचा आहे, तर सर्वांत हलके, म्हणजे कमी ताकदीच्या यंत्रावरही चालणारे लिनक्स (विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत संगणक प्रणाली; तिचे अनेक प्रकार आहेत) कोणते, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे आणि मी तो इतक्या वेळा टोलवला आहे की काहींना तो माझा तोरा वाटू लागला आहे. तोरा नाही. एके काळी मी एका दमात उत्तर देत असे: पपी लिनक्स. त्या उत्तराची किंमत माझ्या मावशीने मोजली.

तिचा कोअर टू ड्युओचा, २ जीबी रॅमचा लॅपटॉप रडतखडत चाले. आजोबांच्या आठवणी ती दोन वर्षे त्यावर टंकत होती. ते लेखन मी पेन ड्राइव्हवर काढून घेतले आणि डीव्हीडीवरून लुबुंटू हे हलके लिनक्स बसवले. फाइल उघडताना डिस्कचा दिवा लागून राही आणि माउसचा बाण जागच्या जागी थिजे. मग अँटीएक्स हे दुसरे हलके लिनक्स बसवले, तरी तेच. दोन्ही वेळा मी दोष प्रणालीला दिला. तिसऱ्या खेपेस डीव्हीडी ड्राइव्हने मान टाकली. पेन ड्राइव्ह एकच होता आणि पपीची इमेज (ती बसवण्यासाठीची फाइल) लिहिताना त्यावरचे सगळे पुसले जाणार होते, म्हणून मावशीचे लेखन मी परत त्याच हार्ड डिस्कवर ठेवले. पपी सुरू होताना स्वतःला रॅममध्ये उतरवून घेते आणि नंतर डिस्कच्या वाटेला फारशी जात नाही. लॅपटॉप वाऱ्यासारखा धावू लागला आणि मी त्याच संध्याकाळी आणखी दोघांना पपी सुचवून मोकळा झालो.

चौथ्या दिवशी मावशीने तिची फाइल उघडायला घेतली आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज येऊ लागला. तेव्हा कुठे मी डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी, पाहिल्या. वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे कप्पे) शेकड्यांनी होते. पपी वेगवान वाटली ती मरणाऱ्या डिस्कला हात लावत नव्हती म्हणून. “मिळेल ना रे?” असे मावशीने एकदाच विचारले. अकरा प्रकरणांपैकी चार मिळाली.

डिस्क तशीही जाणारच होती, असे तुम्ही म्हणाल, आणि मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगत होतो. पण यंत्र मंद का आहे हे न पाहता त्यावर एकामागून एक प्रणाली बसवणारा आणि एकुलती एक सुरक्षित प्रत पुसणारा मीच होतो.

म्हणून आता मी उत्तराऐवजी उलट प्रश्न विचारतो, तेव्हा चिडू नका. डिस्कची तब्येत कशी आहे? प्रोसेसर ६४-बिट आहे का, की त्याआधीच्या ३२-बिट पिढीचा? ६४-बिट नसेल, तर वाटा आटत चालल्या आहेत: लुबुंटूने १९.०४ पासून ३२-बिट आवृत्ती देणे थांबवले आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. राहिला हलकेपणा. रिकाम्या डेस्कटॉपवर एक प्रणाली २०० एमबी रॅम घेते आणि दुसरी ६००, असले वाद मीच हिरिरीने घातले आहेत. ब्राउझरमध्ये चार जड पाने उघडली की तो फरक कुठल्या कुठे बुडून जातो. माझ्यातला जुना मी मात्र अजून कुरकुरतो की २ जीबीच्या यंत्रात ४०० एमबी म्हणजे पाचवा हिस्सा, तो फुकट का घालवायचा? त्याला मला अजून धड उत्तर देता आलेले नाही.

मावशीच्या लॅपटॉपमध्ये आता हार्ड डिस्कऐवजी फिरते भाग नसलेली, वेगवान एसएसडी आहे आणि एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपसह डेबियन आहे. तिथे अँटीएक्स अधिक चपळ ठरले असते का, हे मला पाहायचे आहे, पण ती लॅपटॉपला हात लावू देत नाही. पाचवे प्रकरण तिने नव्याने लिहायला घेतले आहे आणि त्याच्या प्रती दोन पेन ड्राइव्हवर आहेत, त्यांतला एक कुठे ठेवला आहे ते मला सांगितलेले नाही.