पंखा बंद केल्यावर

रविवारी दुपारी दोन ते चार. मटण-भात जिरवत सोसायटी आडवी झालेली असते. कुकर गप्प, मिक्सर गप्प, भंगारवाला सकाळीच ओरडून गेलेला. जाझ ऐकायला आठवड्यातले हेच दोन तास. तरीही एक आवाज उरतोच, आणि सवयीमुळे तो कुणाच्या ध्यानात येत नाही: डोक्यावरचा पंखा.

छोट्या मैफलीत जाझचा ड्रमवादक पुष्कळदा काठ्या बाजूला ठेवतो आणि तारांचे ब्रश ड्रमवरून गोल फिरवतो. त्या सळसळीची आणि पंख्याच्या वाऱ्याची जात एकच. पंखा चालू असला की ब्रश त्यात विरघळतात. मग आवाज वाढवावा, तर पियानो अंगावर येतो. म्हणून पंखा बंद. मे महिन्यात हे जमणार नाही, मान्य. या संगीताचा आपल्याकडचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

रविवारी ऐकायची तर रविवारचीच रेकॉर्ड ऐकावी: ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’. तारीख २५ जून १९६१, जागा न्यूयॉर्कमधल्या ग्रीनिच व्हिलेजातला एक तळघरातला क्लब. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन, डबल बासवर, म्हणजे उभ्याने वाजवायच्या भल्यामोठ्या तंतुवाद्यावर, स्कॉट लफारो. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका त्या दिवशी ध्वनिमुद्रित झाल्या. अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. वय २५. रेकॉर्ड निघाली ती त्यानंतर, आणि तिच्यासाठी निवडले ते लफारोला पुढे आणणारे तुकडे. पहिला आणि शेवटचा तुकडा तर त्याच्याच रचना. तेव्हा हिच्यात बास नीट ऐकू आला नाही, तर रेकॉर्ड ऐकलीच नाही म्हणायची. आणि घरोघरी हरवतो तो नेमका बासच.

डबल बासच्या सर्वांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. तळहातावर मावणारा स्पीकर तिथवर उतरतच नाही. वरचे स्वरांश ऐकून कान सूर ओळखतो, पण लाकडाचा घुमार मिळत नाही. मोठे स्पीकर असूनही बास पातळ वाटत असेल, तर आधी मागच्या तारा बघा. एका स्पीकरची लाल-काळी तार उलट लागली असेल, तर एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करा. ज्या जोडणीत बास भरीव होतो ती बरोबर. उलट दुखणं कोपऱ्यातल्या स्पीकरचं. तिथे प्रत्येक सूर ‘धूम’ एवढाच ऐकू येतो. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढला की सूर सुटे होतात. घरच्यांना चालण्याची वाट अडते हा वेगळा प्रश्न.

टर्नटेबल असेल तर सुईचा भार कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, कागदावर दिलाय तेवढाच ठेवावा, साधारण दीड ते दोन ग्रॅम. रेकॉर्ड झिजेल या धास्तीने लोक तो कमी ठेवतात. पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाच जास्त खराब करते. सतत ‘हंऽऽ’ असा आवाज येत असेल, तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार सुटलेली असण्याची शक्यता मोठी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ही घरघर लफारोच्याच खालच्या तारेवर येऊन बसते.

अमेरिकेहून कुणी जुना टर्नटेबल आणून दिला, तर आनंद करण्याआधी मोटर कुठली आहे ते पाहावं. विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी मोटर तिथल्या ६० हर्ट्झसाठी बनलेली असते. इथे ती मिनिटाला ३३⅓ ऐवजी २८ फेरेही घेत नाही. सा लावावा तर खालचा शुद्ध धैवत येतो आणि सगळी मैफल जांभया देते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. त्यासाठी मोटरवरची पुली बदलावी लागते.

एवढं झालं की सुई टेकवायची. एका बाजूला वीस-एकवीस मिनिटं. पहिल्या वेळी फक्त बासच ऐका. बासने खालून मुकाट चालत राहायचं आणि वरच्याने बोलायचं, ही जुनी रीत. लफारो ती पाळत नाही. पियानोची ओळ संपायच्या आत तो वरच्या पट्टीत उत्तर देतो, मध्येच गप्प बसतो, आणि एव्हान्सही त्याला जागा सोडतो. पाय ठेका धरू लागला तर आपल्या सवयीने समेवर, म्हणजे एकवर, टाळी पडते. चार मात्रांच्या जाझमध्ये ती दोन आणि चारवर द्यावी. दुसऱ्या बाजूचा पहिला तुकडा, ‘ॲलिस इन वंडरलँड’, तीन मात्रांचा आहे. दादऱ्याला सरावलेल्या कानाला तो लगेच सापडतो.

मधूनच ग्लासांची किणकिण आणि गप्पा ऐकू येतात. तो बिघाड नव्हे. त्या दुपारी क्लबात बसलेल्यांपैकी बरेच जण ऐकत नव्हते. वीजही त्या दिवशी गेली होती. सुरुवातीच्या ‘ग्लोरियाज स्टेप’चं पहिलं ध्वनिमुद्रण त्यामुळे मध्येच काही सेकंद तुटलं, म्हणून रेकॉर्डवर दुसरं आलं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्येसुद्धा!

फोनवरून ऐकणाऱ्यांनी दोन सेटिंग बंद करावीत. एक क्रॉसफेड, कारण ते एका तुकड्याच्या टाळ्यांवर पुढच्याचा पियानो चढवतं. दुसरं ऑटोप्ले. शेवटचा ‘जेड व्हिजन्स’ पावणेचार मिनिटांचा, अगदी संथ. बास त्यात दोनदोन तारा एकत्र छेडतो. तो विझतो न विझतो तोच ॲपने आपल्या पसंतीचं काहीतरी सुरू केलं, तर फोन फेकावासा वाटतो.

रेकॉर्डवर ही भानगड नाही. सुई शेवटच्या वर्तुळात फिरत राहते आणि १.८ सेकंदांनी एकदा ‘टक्’ होतं. डोळा लागला असेल तर कुणीतरी उठून ती उचलावी, सुईवरून मागून पुढे एकदाच साफ करायचा ब्रश फिरवावा, आणि मग पंखा लावावा.