काजूच्या बोंडांच्या दिवसांत सफरचंदाचं सेंट

शुक्रवार, रात्री उशिरा

उकडतंय नुसतं. एप्रिलमधलं ऊन एकवेळ परवडलं पण ही दमट हवा नको, अंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत परत घामाच्या धारा. असल्या हवेत सेंट लावायचं की नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सासूबाईंचं म्हणणं पावडर लावा आणि गप्प बसा. नवरा काहीच लावत नाही, आणि ते कळतं.

मी लावते. सध्या डॉल्चे अँड गबानाचं लाइट ब्लू चालू आहे, नणंदेनं दुबईहून आणलेलं, धुरकट काचेची बाटली आणि वर फिकट निळं टोपण. तशी जुनीच गोष्ट आहे ही, २००१ साली आलेली, ऑलिव्हिए क्रेस्प नावाच्या माणसानं बनवलेली, आणि अजूनही उन्हाळ्यासाठी काय घेऊ असं कोणी विचारलं की पहिल्या पाचांत हिचं नाव येतंच. फळं आणि फुलं एकत्र असलेला हा प्रकार. वर सिसिलीचं जाड सालीचं लिंबू, म्हणजे आपलं महाळुंगच की, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते, आणि त्याच्याबरोबर हिरवं आंबट सफरचंद. मग जाई आणि पांढरा गुलाब, आणि अगदी तळाला देवदाराच्या जातीचं लाकूड नि कस्तुरी, ही कस्तुरी अर्थात हल्ली लॅबमधलीच असते बहुतेक सगळीकडे, हरणाचा काही संबंध नाही.

सकाळी साडेआठला मारलं की पहिली दहा मिनिटं काय मस्त वाटतं! सालीचं लिंबू, कच्चं सफरचंद, सगळं कसं फ्रीजमधून आत्ताच काढल्यासारखं. पण म्हापशाच्या स्टँडवर पणजीच्या शटल बसच्या रांगेत उभं राहीपर्यंत लिंबू गेलेलं असतं, पर्वरी चढेपर्यंत सफरचंदही गेलं, आणि पणजीला उतरताना मनगट हुंगलं तर फक्त फुलं उरलेली असतात. त्यात बाटलीचा दोष नाही काही. लिंबाच्या सालीतली द्रव्यं हलकी, भराभर उडणारी, लाकूड नि कस्तुरी जड, ती बसून राहणारी, आणि अंग जितकं तापलेलं तितकं हे उडणं लवकर. युरोपात जे तासभर टिकत असेल ते आपल्याकडे बसमध्येच संपतं. शिवाय हे ओ द टॉयलेट, म्हणजे अर्क कमी नि अल्कोहोल जास्त. आता यावर लोक म्हणतील मग स्ट्राँग घे ना. नको बाई. एप्रिलमध्ये भरलेल्या बसमध्ये कोणीतरी व्हॅनिलाचं गोड जाडजूड काहीतरी मारून चढतं ना, खिडक्या उघड्या असून गुदमरायला होतं, पुढच्या स्टॉपला उतरून चालत जावंसं वाटतं. उन्हाळ्यातलं सेंट उडून जातं हीच त्याची चांगली बाजू आहे असं माझं ठाम मत झालंय, हवं तर दुपारी परत मारा.

ऑफिसात एसी असल्यामुळे तिथे मात्र ते जरा जास्त टिकतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळ्याचा पत्ता लागतो. "आज लिंबू पिळून आयल्या गो?" म्हणाल्या. मग स्वतःच मनगट ओढून हुंगलं आणि बरो वास येता म्हणून सर्टिफिकेटही दिलं.

गंमत अशी की त्या बाटलीत सफरचंद नसतंच. बऱ्याच फुलांचा अर्क निघतो, सालींचं तेल निघतं, पण सफरचंद, पीच, पेअर, स्ट्रॉबेरी यांच्यातून अत्तराला पुरेल असं काही हाती लागत नाही, त्यामुळे त्यांचा वास रसायनांतून उभा करावा लागतो. पीचचं उदाहरण तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे, गर्लांचं मित्सुको १९१९ चं, त्यातला पीच म्हणजे गॅमा-अनडेकालॅक्टोन नावाचं द्रव्य. म्हणजे आपण ज्याला फळांचं सेंट म्हणतो ते कोणीतरी आठवणीतून काढलेलं फळाचं चित्र असतं. आणि हे चित्र काढणारे बहुतेक फ्रान्समध्ये बसलेले, त्यामुळे फळंही त्यांचीच. पेअर, पीच, ब्लॅककरंट, सफरचंद. आंबा कधीमधी दिसतो, पण तो ज्यूसच्या टेट्रापॅकातला आंबा, मानकुरादशी त्याचं काही नातं नाही.

आज बाजारातून येताना तेच डोक्यात घोळत होतं. ऑफिसातून जरा लवकर सुटले नि थेट म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले. मानकुराद आलेत, भाव विचारून नुसतं हसायला येतं, तरी डझन घेतले कारण घरात पाव्हणे. त्यांच्या पलीकडे एक म्हातारी टोपलीत काजूची बोंडं घेऊन बसलेली, पिवळी नि लालभडक, काही फुटलेली, रस गळतोय, माश्या घोंघावतायत. त्या टोपलीवर वाकलं की जो वास येतो ना! गोड म्हणावा तर मागून तुरट, घशाला धरणारा, आणि त्याच्या बुडाशी आंबायला लागल्याचा थोडासा दारूचा इशारा. सत्तरी तालुक्याकडे या दिवसांत गेलं तर काजूची दारू गाळायच्या भाटी लागलेल्या असतात आणि आख्ख्या वाड्यावर हाच वास उकळून पसरलेला असतो. माझ्या माहेरी डिचोलीला मागच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या बाजूनं संध्याकाळी वारा आला की आई खिडकी लावायची, मला तो वास फार आवडायचा आणि तिला अजिबात नाही. हे फळ बाटलीत घातलेलं मला तरी का नाही दिसलं अजून? उत्तर सोपं आहे म्हणा, पॅरिसमध्ये बोंडू कोणाच्या आठवणीत असणार. आणि ते दुसऱ्या दिवशीच सडतं, बाहेरगावी पोचतच नाही, बाहेर जाते ती फक्त बी.

फुलांचंही तसंच. लाइट ब्लूमधली जाई स्वच्छ आहे, धुऊन इस्त्री केलेली. खऱ्या जाईत इंडोल नावाचं द्रव्य असतं, जे विष्ठेतही असतं, खोटं नाही सांगत, थोडंसं असलं की फूल जिवंत वाटतं आणि जास्त झालं की डांबराच्या गोळ्यांकडे झुकतं. म्हार्दोळच्या देवळाबाहेर केळीच्या दोरात गुंफलेल्या जायो मिळतात, पावसाळ्यात तिथे म्हाळसेला जायांची पूजा होते, तेव्हा गर्दीत दमट हवेत त्या फुलांच्या राशीजवळ उभं राहा, डोकं गरगरतं. तो वास सभ्य नाही. सेंटवाल्यांनी त्यातला असभ्यपणा काढून टाकलाय, ऑफिसला जाण्यापुरतं ते बरंच आहे, पण मला कधीकधी वाटतं की काढला तोच भाग मला हवा होता.

आणि सुरंगी! तिचे दिवस आता संपत आले. झाडाच्या जुन्या फांद्यांना थेट चिकटून कळ्या येतात, त्या उमलायच्या आत तोडाव्या लागतात म्हणून भल्या पहाटे झाडावर चढायचं. आज बाजारात एकीकडे उरलेसुरले वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे होते, कळ्या बारीक, काही फुटून आतले पिवळे केसर दिसत होते. सासूबाईंसाठी एक घेतला. त्यांनी केसांत माळला नाही, केस राहिलेत कुठे म्हणाल्या, साड्यांच्या कपाटात टाकला. सुरंगी वाळली तरी वास सोडत नाही, उलट मधासारखी जड होत जाते. त्या कपाटातून साडी काढली की दिवाळीपर्यंत तोच वास. हजारोंची बाटली पर्वरीच्या चढावर दम टाकते आणि हा पन्नास रुपयांचा वळेसर! पण म्हणून मी लाइट ब्लू सोडणार नाही. दोघांची कामं वेगळी. सुरंगी माळून मीटिंगला बसलं तर सगळ्यांना लग्नाची आठवण येईल.

एक मात्र केलंय, आता गळ्यावर मारणं बंद, कॉटनच्या कुर्त्याला आतल्या बाजूनं किंवा ओढणीच्या टोकाला. लिंबूवर्गीय तेलांतल्या काही द्रव्यांनी उन्हात कातडीवर काळे डाग पडू शकतात, कंपन्या हल्ली ती काढून घेतात पण मी कशाला परीक्षा घेऊ. कपड्यावर टिकतंही जास्त. पांढऱ्यावर मात्र आधी कोपऱ्यात ट्राय करून बघायचं. आणि बाटली स्कूटरच्या डिकीत अजिबात ठेवायची नाही, उन्हात उभ्या स्कूटरची डिकी म्हणजे भट्टी असते, आतलं लिंबू आधी मरतं.

नणंदेचा मेसेज आलाय, मे महिन्यात येतेय, या वेळी कुठलं सेंट आणू वहिनी. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, तिला सांग सेंट नको, बदाम आण, आणि येताना रिकामी बॅग घेऊन ये, आंबे न्यायला लागतील. सेंट नको एवढं सोडून बाकी तसंच्या तसं टाईप केलं.