एक खड्डा राहू दे

३ जून

पाऊस अजून नाही, पण हवा नुसती कोंदलीय. सव्वासहाला आमच्या कोल्हापूरच्या गांधी मैदानात उतरले. ‘उतरले’ हेच क्रियापद बरोबर आहे. सगळी पेठ वर आणि मैदान खाली, परातीसारखं. गुडघ्यासाठी मऊ जमिनीवर चाला असं डॉक्टर म्हणाले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून रोज चार फेऱ्या. घरातून भांडून निघाले असेन तर पाच.

आज चालता चालता मोजलं. क्रिकेटचे सात डाव, फुटबॉलचे दोन, शिवाय एका कोपऱ्यात पोलीस भरतीची पोरं. सात डाव म्हणजे सात वेगळी मैदानं नव्हेत बरं का. एका डावाचा लाँग ऑन दुसऱ्या डावाच्या विकेटकीपरच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. तिसऱ्या डावाचा बॉल चौथ्या डावाच्या खेळपट्टीवरून जातो आणि पाचव्या डावातला कुणीतरी तो पायानं अडवून न बघता परत टाकतो. टेनिस बॉल सगळे एकाच रंगाचे, तरी स्वतःचा बॉल कुणी चुकत नाही. कसं ओळखता म्हणून एका पोराला विचारलं. तो म्हणाला, “आमचा टक्कल पडलेला आहे काकी.”

काकी. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत “ताई, बॉल!” अशी हाक यायची. बढती कधी झाली ते कळलंच नाही. हाकेत बदल नाही तो फक्त शेवटच्या ‘की’चा. “बॉल द्या की!” हा ‘की’ पुण्याच्या पोरांना जमत नाही.

भरतीच्या पोरांत यंदा तीन मुलीही आहेत. पोरांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. त्यातली एक रोज मला मोबाईल देते आणि म्हणते, स्टॉपवॉच लावा. आठशे मीटर पळायला इथे आखलेला ट्रॅक नाही, त्यांनी पावलांनी मोजून खुणा केल्यात. एका खुणेला विटेचा तुकडा, दुसऱ्या खुणेला पाण्याची रिकामी बाटली. बाटली वाऱ्यानं हलली की अंतर बदलतं आणि वेळ सुधारते. त्या दिवशी ती भलतीच खुशीत असते. मी काही बोलत नाही. गोळा मात्र खराखुरा, चार किलोचा. मी उचलून पाहिला. पिठाचा डबा एका हातानं उचलायची सवय आहे म्हणून उचलला गेला, फेकायचा विचारसुद्धा केला नाही.

लेक घरून निघताना ओरडली, “मम्मी, मी चाललो!” तिची आजी सांगलीची. दरवेळी म्हणते, “अगं, चालले म्हण.” लेक म्हणते, “कोल्हापुरात चाललोच म्हणतात.” खरं आहे. मीही शाळेत असताना आलो-गेलोच म्हणायची. लग्नानंतर कधीतरी सुटलं.

१२ जुलै

मैदानात पाणी.

बातमी नाही ही, दरवर्षीचंच आहे. आधी मधोमध एक डबकं, मग डबक्यांना डबकी जुळतात, मग एके दिवशी सकाळी उठावं तर मधे ढगांचं प्रतिबिंब. आज दोन पोरं काठावर बसून पाण्यात खडे मारत होती. बॅट मांडीवर आडवी.

माझी आजी या मैदानाला शेवटपर्यंत वरुणतीर्थच म्हणायची. लहानपणी वाटायचं, म्हातारी विसरते. विसरत मी होते. इथे तळंच होतं, ते बुजवून मैदान झालं. वेशीचं नाव अजून वरुणतीर्थ वेस आहे आणि रिक्षावाल्याला तेच सांगावं लागतं. आमच्याबरोबर चालणारे आण्णा आहेत, पंच्याहत्तरीचे, एकेकाळचे फुटबॉलमधले राईट आऊट. ते बोटांवर मोजतात: वरुणतीर्थाचं गांधी मैदान, रावणेश्वराच्या तळ्याचं शाहू स्टेडियम, कपिलतीर्थाची भाजी मंडई. “म्हणजे बघ, आपण खेळतोय पाण्यावर, मॅच बघतोय पाण्यावर आणि मेथी घेतोय ती पण पाण्यावर.” या विनोदावर ते स्वतः सगळ्यांत जास्त हसतात. दरवर्षी.

पण आज तिथे उभं राहून पाहिलं तर विनोद वाटला नाही. चारी बाजूंनी गल्ल्यांचं पाणी उताराला लागून येतं, आणि उतार कुठे संपतो? जिथे तळं होतं तिथेच. माणसांनी भराव टाकला, नाव बदललं, पण पाण्याला नवा पत्ता कुणी सांगितलाच नाही. निचऱ्याचं काम होणार असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. लेक आता तेरा वर्षांची आहे.

तर चालणारे सगळे रंकाळ्यावर. रंकाळा सुंदर आहे, कोण नाही म्हणतंय. तलावात संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेस, वर पन्हाळ्याकडून येणारे ढग. पण पायाखाली फरशी. गुडघ्याला कळतं. आणि रंकाळ्यावर लोक फिरायला येतात, मैदानात लोक असतात. तिथे सगळे सेल्फी काढतात. इथे दोन वर्षांत मी एकही सेल्फी पाहिला नाही, कारण फोन वर धरून उभं राहिलं तर बॉल लागतो.

आण्णा परतताना गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन जातात. म्हैस समोर, धार ग्लासात, वर फेस. मलाही आग्रह करतात. मला ते कोमट दूध आवडत नाही हे कोल्हापुरात मोठ्यानं बोलायची सोय नाही. इथे लिहून ठेवते.

२९ सप्टेंबर

पाणी गेलं. मागे राहिलाय तो काळा गाळ, त्याला भेगा, आणि भेगांत एक चप्पल, एक गणपतीचा मखमली हार, चिप्सची असंख्य पाकिटं.

पोरांनी स्वतःच साफ केलं आज. कुणी सांगितलं नव्हतं. एकानं घरून घमेलं आणलं, एकानं फावडं. दोघांची ‘तू कर, तू कर’ यातच सकाळ गेली. शेवटी मोठी पोरं आली तेव्हा काम झालं. ही मोठी पोरं आमच्या पेठेतल्या एका तालमीच्या टीममधली. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं: इथे तालमीत कुस्तीही असते आणि फुटबॉलही. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही कुस्तीगीरांची नावं वाटतात, पण डिसेंबर लागला की त्यांच्याच नावानं गल्लीगल्लीत झेंडे लागतात आणि शाहू स्टेडियमला उभं राहायला जागा मिळत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेतलं कुस्तीचं मैदान १९१२ सालचं. मातीचा नाद तिथून आला असं म्हणतात. बॉल त्या मातीत कधी शिरला ते आण्णांना विचारलं तर तीन दिवस लागतील.

२०२२ च्या वर्ल्ड कपला पेठेत मेस्सीचा कटआऊट एवढा उंच होता की आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्याचे गुडघे दिसायचे. सासूबाई महिनाभर विचारत होत्या, हा कुठल्या पार्टीचा.

लेक स्वतः फुटबॉल खेळते, पोरांबरोबर. अजून तिच्या वयाच्या चौघीच आहेत, म्हणून पोरांबरोबर. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. तरी तिला तो आपल्या डोळ्यांदेखत खेळल्यासारखा आठवतो. पेठेतल्या आठवणी अशाच वाटून घेतलेल्या असतात. २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ आणलं, तेव्हा तर निम्म्या कोल्हापूरनं त्याला लहानपणी पाहिलेलं निघालं.

१८ नोव्हेंबर

राग आलाय. सकाळी लिहायला बसले नाही ते बरंच झालं.

चार दिवस मैदानात मांडव होता. कुणाचा ते लिहीत नाही. सभा होवोत, माझी तक्रार नाही. हे मैदान सभांचंच आहे आणि निवडणूक असली की इथली गर्दी बघायला मीही गच्चीवर उभी राहते. पण मांडव काढताना वासे उपसून नेले आणि खड्डे तसेच टाकून गेले. वीतभर रुंद, हातभर खोल. वर गवताच्या काड्या पडलेल्या, म्हणजे दिसतही नाहीत.

लेकीचा पाय गेला. पळत होती, बॉलकडे बघत. घोटा टम्म सुजला. हाड वाचलं, डॉक्टर म्हणाले तीन आठवडे खेळ बंद. तिला पायाचं काही वाटत नाहीये, रविवारची मॅच गेली याचं वाटतंय. रात्री पायाला बर्फ लावून बसले होते तेव्हा म्हणाली, “मम्मी, मी बघितलाच नाही खड्डा.” बघितला नाही हे ती असं सांगत होती जणू तिचीच चूक. तिथे मला रडू आलं. तिच्यासमोर नाही रडले.

ज्यांचा मांडव होता त्यांच्याकडे ह्यांनी फोन केला. मांडववाल्याला सांगतो म्हणाले. मांडववाल्याला केला, तो म्हणाला बुजवणं आमच्या दरात नाही. खरंच, दरात नाही. ह्यांनी फोन ठेवला आणि चहा मागितला.

२१ नोव्हेंबर

पहाटेच टॉर्च घेऊन गेले. एकेक खड्डा शोधून शेजारी वीट ठेवत गेले. चौतीस. आण्णा काठी टेकत मागून मोजत होते, त्यांचे छत्तीस आले. दोनदा मोजले, जमलं नाही. म्हटलं जाऊ दे.

आमच्याच गल्लीत एक बांधकाम चालू आहे, तिथून मुरूम मागितला. तालमीची पोरं आली, भरतीच्या मुली आल्या, सातपैकी पाच डाव थांबले. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं, परत टाकायचा. धुमस हे हत्यार मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं. चौथ्या ठोक्याला खांद्यातून कळ गेली आणि धुमस त्या चार किलोच्या गोळावालीनं माझ्या हातातून काढून घेतला. “काकी, तुम्ही पाणी मारा.” ती मारायची तेव्हा जमिनीतून आवाज यायचा, खोल, घट्ट. बुजवलेल्या तळ्याचा असेल असं मनात आलं. उगाच.

साडेआठपर्यंत सगळे झाले आणि मधल्या पट्ट्यातले दोन उरले. तिथे टक्कल पडलेल्या बॉलवाली पोरं आडवी आली.

“काकी, हे दोन राहू द्या की.”

“का रे?”

“आमचा स्टंप बसतोय त्यात. एकदम फिट. एवढे दिवस विटा लावून खेळायचो.”

मी काही बोलायच्या आत तालमीचा एक पोरगा चिडला. इथून आमचा डिफेन्स पळतो, कुणाचा पाय मोडला तर? क्रिकेटवाला म्हणाला, तुमचा डिफेन्स गोल खातो तेव्हा तरी पळतो का. मग जे व्हायचं ते सुरू झालं. आण्णा काठी वर करून मधे उभे राहिले. दोन्हीकडच्या आज्या-आजोब्यांची नावं निघाली. इथे सगळे एकमेकांच्या घरात वाढलेत, त्यामुळे भांडणाला फार मागं जावं लागतं.

तोडगा निघाला तो असा. दोन नाही, एकच खड्डा राहील. दुसऱ्या टोकाला जुनीच वीट. आणि क्रिकेट संपलं की खड्ड्यावर फरशीचा तुकडा झाकायचा. तुकडा कोण झाकणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोज सगळ्यांत उशिरा जाणारी मीच, चौथी फेरी फार हळू होते.

४ डिसेंबर

लेक आज पहिल्यांदा परत मैदानात आली. खेळायला नाही, बघायला. घोट्याला पट्टा. तिनं तो खड्डा आधी बघितला. फरशी उचलली, आत डोकावली, परत ठेवली.

“हाच का गं?”

“नाही. तुझा तिकडं, कडेला. तो बुजवला.”

ती तिकडे गेली. पायानं दाबून पाहिलं. मग वाकून हातानं. बुजवलेल्या जागी मुरूम लाल आहे आणि आजूबाजूची माती काळी, म्हणून मैदानभर लाल ठिपके पडलेत. चौतीस किंवा छत्तीस, वजा एक.

क्रिकेटचा डाव साडेसातला संपला. पोरांनी स्टंप उपसला आणि निघून गेली, झाकायचं नाव नाही. आम्ही दोघींनी फरशी सरकवली. थोडी हलत होती, म्हणून खाली एका बाजूला खडा घातला.