एकटीच्या पगारावर लेस्टरमध्ये घर घेताना

वेगळं झाल्यावर 'त्याच्याकडून मला एक पैसाही नको' असं म्हणणाऱ्या मैत्रिणी मला नाशकात भेटल्या आणि इथे इंग्लंडमध्येही भेटतात. त्यामागचा राग मला पुरता समजतो. तरीही प्रत्येकीला मी एकच सांगते, मुलाच्या खर्चासाठी वडील देतात तो पैसा, म्हणजे चाइल्ड मेंटेनन्स, मुलाचा आहे आणि तो नाकारायचा अधिकार आपल्याला नाही. लेस्टरमध्ये मुलीसाठी आणि माझ्यासाठी घर घेतलं, तेव्हा तर ही गोष्ट मला आकड्यांतच दिसली.

इथल्या बँका साधारणपणे वर्षाच्या पगाराच्या साडेचार पट कर्ज देतात. पगार ४० हजार पौंड असेल तर १ लाख ८० हजार. घरात दोन कमावते असले की दोघांचे पगार एकत्र धरतात, आपला एकच. शिवाय शाळा सुटल्यावर मूल जिथे थांबतं त्या क्लबची फी बँक दरमहाच्या बांधील खर्चात मोजते, त्यामुळे एकटीच्या हातात बऱ्याचदा साडेचार पटही पडत नाही.

अशा वेळी चाइल्ड मेंटेनन्स कामाला येतो, कारण बँक तो आपल्या उत्पन्नात धरू शकते. तो किती असावा याचं सूत्र ठरलेलं आहे. 'चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस' हे सरकारी खातं वडिलांचं करापूर्वीचं उत्पन्न थेट आयकर खात्याकडून घेतं, त्यामुळे 'तुझा पगार किती?' हे विचारायला मुलाच्या वडिलांच्या दारात जावं लागत नाही. आठवड्याला ८०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर एका मुलासाठी १२ टक्के, दोन मुलांसाठी १६ टक्के, तिघांसाठी १९ टक्के. मूल वर्षात ५२ ते १०३ रात्री वडिलांकडे राहत असेल तर रकमेतला सातवा हिस्सा कमी होतो. पूर्वी अर्जाला २० पौंड फी होती, ती २०२४ मध्ये रद्द झाली.

आता हिशेब करून पाहा. वडिलांचं उत्पन्न आठवड्याला ८०० पौंड आणि मूल एक, तर मेंटेनन्स ९६ पौंड, वर्षाला ४,९९२. बँकेने तो पूर्ण धरला तर साडेचार पटीने कर्ज सुमारे २२ हजार पौंडांनी वाढतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटऐवजी मागे छोटीशी बाग असलेलं घर मिळायला तेवढा फरक पुरतो. पण प्रत्येक बँकेचा नियम वेगळा. कुणी पूर्ण रक्कम धरतं, कुणी निम्मी, कुणी फक्त कोर्टाचा हुकूम किंवा सरकारी खात्याचं पत्र असेल तरच. मला एका बँकेने मेंटेनन्स उत्पन्नात धरताच येत नाही असं सांगितलं होतं, दुसरीने तोच कागद पाहून पूर्ण धरला. म्हणून सगळ्या बँकांचे नियम माहीत असलेला गृहकर्जाचा ब्रोकर (मध्यस्थ) गाठावा आणि पहिल्याच फोनवर विचारावं, 'मेंटेनन्स किती टक्के धरतील?'

बँक मुलाचं वयही बघते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मेंटेनन्स १६ वर्षांपर्यंत मिळतो, मूल ए-लेव्हलसारखं (आपल्या अकरावी-बारावीच्या तोडीचं) शिक्षण पूर्णवेळ घेत असेल तर २० पर्यंत. मूल चौदा वर्षांचं आणि कर्ज पंचवीस वर्षांचं असेल तर ती रक्कम किती काळ टिकणार हे ते विचारणारच. त्यामुळे अर्ज मूल लहान असताना केलेला बरा.

आपल्याकडच्या बायकांचं नुकसान मात्र बहुतेकदा दुसऱ्याच ठिकाणी होतं. घटस्फोट सामंजस्याने झालेला असतो. 'तो देतो गं व्यवस्थित,' असं त्या सांगतात, आणि तो खरंच देतो. कधी रोख, कधी पोहण्याच्या क्लासची फी परस्पर भरून, कधी हिवाळ्याचे बूट घेऊन. माणूस चांगला असेलही, पण यातलं काहीच बँकेला दिसत नाही. तिला हवी असते दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात जमा झालेली सारखी रक्कम, तीही निदान तीन ते सहा महिन्यांची. घटस्फोटाच्या वेळी कोर्टाच्या संमती-हुकुमात मेंटेनन्सचा आकडा घालून घेतला असेल तर फारच उत्तम. लिहून मागितलं तर संबंध बिघडतील ही भीती मी पुष्कळ जणींच्या तोंडून ऐकली आहे. माझा अनुभव उलट आहे. आकडा कागदावर आला आणि दर महिन्याची ती अवघड बोलणी थांबली.

देशातल्या आईवडिलांसाठीही थोडं सांगते, कारण डिपॉझिटला, म्हणजे घराच्या किमतीतल्या आपण स्वतः भरायच्या रकमेला, हातभार बहुधा तेच लावतात. बँक त्यांच्याकडून पत्र मागते, की ही भेट आहे, उसने पैसे नाहीत आणि घरात आमचा हिस्सा नाही. सोबत त्यांचं बँक स्टेटमेंटही लागतं. वर्षाला दहा लाख रुपयांवर पाठवलेल्या भेटीच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. आणि मुलीचं नाव कोथरूडच्या सदनिकेवर प्रेमाने घालण्याआधी तिला एक फोन करा. जगात कुठेही घर नावावर असेल तर इथे पहिल्या घराची स्टॅम्प ड्यूटीची सवलत जाते. तिच्या हिश्शाची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल तर बहुतेक वेळा घराच्या पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर बसतो. २ लाख पौंडांच्या घरावर तो १० हजार होतो, म्हणजे मेंटेनन्समुळे वाढलेल्या कर्जातला जवळजवळ निम्मा.

कुणी आत्ताच वेगळी झाली असेल आणि घराचा विचार अजून दोन-तीन वर्षं लांब असेल, तरी मुलाच्या वडिलांना या महिन्यापासून बँकेत स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप जाण्याची सूचना, लावायला सांग, आणि संदर्भाच्या रकान्यात मुलाचं नाव व 'मेंटेनन्स' हा शब्द घालायला सांग. अर्ज तपासणारा कर्मचारी स्टेटमेंटमध्ये नेमका तोच शब्द शोधत असतो.